नकाशाचे पैसे वेगळे, लाकडाचे वेगळे

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या फर्निचर डिझायनरच्या व्यवसायाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांतील काही निवडक प्रश्न आणि स्वतःचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका अनुभवी डिझायनरने दिलेली त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून दिलेली नाहीत. — संपादक

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे आणि तिला फर्निचर डिझायनर व्हायचे आहे. ‘सुतारकामच करायचे तर एवढे शिकायचे कशाला?’ असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. असे शिक्षण कोठे मिळते आणि त्यावर पोट भरते का?
(एक वाचक, अमरावती)

घरातील मंडळींची शंका अगदीच गैर नाही, कारण चांगल्या सुताराला जे येते त्यातले निम्मेसुद्धा पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलांना येत नाही, हे मी रोज पाहतो. मात्र खुर्ची कोणासाठी आहे, तिच्यावर किती वेळ बसले जाणार आहे, ती एकच करायची आहे की पाचशे, आणि पाचशे करायच्या असतील तर त्या एकमेकींवर रचून टेम्पोतून कशा न्यायच्या, हा सगळा विचार लाकडाला हात लावण्यापूर्वी कोणीतरी करावा लागतो, आणि त्या विचाराचे शिक्षण आपल्याकडे रीतसर मिळते.

अहमदाबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन १९६१ साली सुरू झाली. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने भारत सरकारला १९५८ साली दिलेल्या अहवालातून तिची कल्पना पुढे आली होती. तेथे फर्निचर आणि इंटिरियर डिझाइनचा स्वतंत्र अभ्यासक्रम असून त्यासाठी संस्थेची स्वतःची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये १९६९पासून डिझाइनचे केंद्र आहे, पदवीसाठी ‘यूसीड’ आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी ‘सीड’ या परीक्षा आहेत, आणि तेथून बाहेर पडलेले काही जण पुढे फर्निचरकडे वळलेले आहेत. या परीक्षांमध्ये पाठांतरापेक्षा निरीक्षण आणि रेखाटन पाहिले जाते, म्हणून आतापासून रोज एखादी घरातील वस्तू तिच्या खऱ्या मापांसह काढण्याची सवय लागली तर ती शिकवणीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

प्रवेश मिळो अथवा न मिळो, बारावीनंतरच्या सुट्टीत तिला गावातील एखाद्या सुताराकडे बसू द्या. रंधा मारताना लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, उलटी आली की हात कसा अडतो, हे एकदा कळले की पुढील आयुष्यात कागदावर रेघ ओढताना हात जपून चालतो. पोट भरते, पण पहिली काही वर्षे कोणाच्या तरी हाताखाली काढावी लागतात, हे तिला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : मी एका इंटिरियर फर्ममध्ये नोकरी करते आणि आता स्वतंत्रपणे फक्त फर्निचरचे काम करू इच्छिते. ग्राहक विचारतात, ‘टेबल केवढ्याला?’ त्यात माझे पैसे कसे धरावेत, हे समजत नाही.
(एक वाचक, पुणे)

‘टेबल केवढ्याला?’ या प्रश्नाला एकच आकडा सांगून आपण पहिल्याच भेटीत स्वतःला दुकानदाराच्या जागी नेऊन बसवतो. त्यानंतर ग्राहक तो आकडा बाजारातील तयार टेबलाशी ताडून पाहणार आणि फरकाची रक्कम म्हणजे तुमचा नफा असे समजून घासाघीस करणार, यात त्याचा काही दोष नाही. म्हणून नकाशाचे पैसे वेगळे आणि वस्तूचे पैसे वेगळे, असे दोन कागद करावेत, असे माझे ठाम मत आहे.

सहा जणांच्या, सहा फूट बाय तीन फूट मापाच्या सागवानी जेवणाच्या टेबलाचे उदाहरण घेऊ. सव्वा इंच जाडीच्या टॉपला साधारण पावणेदोन ते दोन घनफूट, तीन इंची चौरस चार पायांना सहा दशांश घनफूट आणि खालच्या चौकटीला चार दशांश, असे निव्वळ लाकूड तीन घनफुटांच्या आतबाहेर भरते. पण वखारीतून घ्यावे लागते ते साडेचार घनफूट, कारण रंध्याखाली जाडी कमी होते, फळ्यांच्या टोकांना चिरा असतात, गाठी टाळाव्या लागतात आणि बाहेरचे पांढरे लाकूड वाळवी लागू नये म्हणून काढून टाकावे लागते. ग्राहकाला हा हिशेब दाखवा. त्याला साडेचार घनफुटांची पावती आणि तीन घनफुटांचे टेबल यांतील अंतर समजले की निम्मे गैरसमज तेथेच मिटतात. लाकूड, मजुरी, पॉलिश, वाहतूक असा दुसरा कागद होतो आणि त्यावर कारखाना चालवण्याचा रास्त नफा येतो.

पहिला कागद तुमच्या कामाचा. जागेची पाहणी, दोन पर्याय, पक्का नकाशा, कारागिरांसाठी मापांचे तपशील, काम चालू असताना ठरावीक भेटी आणि शेवटची तपासणी, हे सर्व त्यात लिहून त्याची एकरकमी फी ठरवावी. एकूण खर्चाच्या टक्केवारीने फी घेण्याची पद्धत सोयीची वाटते खरी, पण तीत महाग लाकूड सुचवले की आपलीच फी वाढते, आणि ग्राहकाच्या मनात तशी शंका आली तर ती दूर करायला आपल्याकडे काहीच नसते. फीचा पहिला हप्ता पाहणीपूर्वी घ्या आणि नकाशा हाती देण्यापूर्वी निम्म्याहून अधिक रक्कम आलेली असू द्या. एखाद्या उत्पादकाला रचना दिली, तर विक्रीवर रॉयल्टी मागता येते, मात्र किती नग विकले गेले हे तपासण्याचा हक्क करारात नसेल, तर टक्केवारीच्या त्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही.

याच ओघात ठाण्याच्या एका पत्राचे उत्तर देऊन टाकतो. प्लायवुड, सनमायका आणि बिजागऱ्यांचे दुकानदार डिझायनरला कमिशन देतात, ते घ्यावे का, असे त्यात विचारले आहे. बाजारात ही रीत रुळलेली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मी ते घेत नाही, दुकानदाराला सांगून तेवढी रक्कम ग्राहकाच्या बिलातून कमी करून घेतो. ज्याला घ्यायचेच असेल, त्याने ग्राहकाला आधी सांगून घ्यावे. माझ्याकडून फी घेणारा माणूस माझ्याच पाठीमागे दुकानदाराकडूनही पैसे घेतो, हे ग्राहकाला दुसऱ्याकडून कळले, तर पुढची दहा कामे त्याच्या ओळखीतून येत होती ती थांबतात.

कराबाबत एकच गोष्ट ध्यानात ठेवा. केवळ वस्तू विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीसाठी महाराष्ट्रात ४० लाख रुपये वार्षिक उलाढालीची मर्यादा आहे आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांची. डिझाइनची फी ही सेवा असल्यामुळे दोन्ही करणाऱ्याने ४० लाखांच्या भरवशावर राहू नये. उरलेले तुमच्या कर-सल्लागाराला विचारा.

प्रश्न : नकाशा कितीही नीट काढून दिला तरी मिस्त्री आपल्याच मनाने करतात. वाद घातला की काम सोडून जातात. काय करावे?
(एक वाचक, कोल्हापूर)

आपण मिलीमीटरमध्ये काढतो आणि मिस्त्री इंच आणि सूत यांत मोजतात, येथूनच बरीच भांडणे सुरू होतात. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत तीन मिलीमीटरहून किंचित अधिक. १९ मिलीमीटरचे प्लायवुड त्यांच्या लेखी सहा सुती आणि १२चे चार सुती. नकाशावर ७४० लिहिले असेल, तर मिस्त्री ते मनातल्या मनात जवळच्या सुतावर आणून ठेवतो आणि चार ठिकाणी असे झाले की खण तो ज्यावर सरकतो त्या लोखंडी चॅनेलवर अडकू लागतो. मी पूर्वी यावरून चिडत असे, आता सरळ दोन्ही मापे लिहितो.

खुर्चीसारख्या वस्तूचा कागदावरचा लहान नकाशा कारखान्यात फारसा कामाचा नसतो. प्लायवुडच्या तुकड्यावर बाजूचे दृश्य पूर्ण मापात, एकास एक काढावे, पाठीचा कल आणि मागच्या पायाचा बाक त्यावर मिस्त्रीच्या देखत आखावा आणि मग त्याला विचारावे की येथे कुसू, म्हणजे सांध्याच्या भोकात बसणारी लाकडाची जीभ, किती लांब ठेवशील. नव्वद टक्के वेळा तो तुमच्यापेक्षा चांगली सूचना देतो. उरलेल्या वेळी मात्र आपले म्हणणे सोडू नये, आणि ते का सोडत नाही याचे कारण त्याला पटेल अशा शब्दांत सांगावे. त्यानंतर पॅकिंगच्या पाइन लाकडात एक कच्चा नमुना करून त्यावर उंच, बुटक्या, जाड, बारीक अशा माणसांना बसवून पाहावे.

मोबदल्याची पद्धतही तपासून पाहा. नमुना ठेक्याने दिला, तर मिस्त्री घाई करणारच, कारण प्रत्येक दुरुस्ती त्याच्या खिशातून जाते. नमुना रोजंदारीवर आणि नंतरचे नग ठेक्याने, अशी विभागणी केली की ‘मनाने करण्याचे’ प्रमाण पुष्कळ घटते. आपल्या शहरांतील कारखान्यांत राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेले अनेक कारागीर आहेत आणि सणासुदीला, पेरणीला ते गावी जातात. तो काळ धरून तारीख द्यावी, म्हणजे ग्राहकाशी खोटे बोलण्याची वेळ येत नाही.

प्रश्न : रत्नागिरीत माझ्या देखरेखीखाली अस्सल सागवानाचे मोठे टेबल करून नागपूरच्या ग्राहकाला पाठवले. पहिल्याच उन्हाळ्यात टॉपला लांबलचक चीर गेली. ग्राहक म्हणतात, लाकूड बनावट होते. लाकूड वखारीतून मी स्वतः निवडले होते. चूक कोणाची?
(एक वाचक, रत्नागिरी)

लाकूड अस्सल असणार. बनावट लाकूड असते तर कदाचित आणखी काही झाले असते, पण ही चीर हवेची आहे आणि टॉप ज्या रीतीने खाली बसवला त्या रीतीची आहे.

झाड तोडून वर्षे लोटली तरी लाकूड भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवघेव करतच राहते. ओलावा वाढला की ते फुगते आणि घटला की आकसते, पण हा फरक सगळ्या दिशांना सारखा नसतो. रेषांच्या लांबीच्या दिशेने तो जवळजवळ नसतोच, रुंदीच्या दिशेने मात्र चांगला जाणवण्याइतका असतो. पावसाळी कोकणात उघड्यावर ठेवलेल्या फळीतील ओलावा १५ टक्क्यांच्या पुढे जातो आणि मे महिन्यातील विदर्भात तीच फळी ६-७ टक्क्यांवर येऊ पाहते. सागवान हे यात सर्वांत गुणी लाकडांपैकी एक आहे, तरीही ओलावा पाच टक्क्यांनी उतरला, तर तीन फूट रुंदीचा, साध्या चिराईच्या फळ्यांचा टॉप सात-आठ मिलीमीटरने आकसतो. तुमच्या टेबलाचा प्रवास लक्षात घेता फरक याहूनही मोठा असेल.

आता हा टॉप खालच्या चौकटीला चारही बाजूंनी स्क्रूने आणि फेव्हिकॉलने घट्ट आवळलेला असेल, असा माझा अंदाज आहे. चौकटीच्या आडव्या पट्टीची रेषा टॉपच्या रुंदीच्या दिशेने धावते, म्हणजे ती आकसत नाही. टॉपला आकसायचे आहे आणि पट्टी त्याला हलू देत नाही, अशा वेळी लाकूड जेथे सर्वांत कमकुवत असते तेथे फाटते, बहुतेक वेळा फळ्यांच्या सांध्याला लागून. जाड टॉप आणि जास्त स्क्रू हा त्यावरचा उपाय समजून पुष्कळ जण ही ताणाताण वाढवूनच ठेवतात.

उपाय जुनाच आहे. चौकटीच्या आतील अंगाला खाच घेऊन त्यात सरकणारे इंग्रजी एल आकाराचे लाकडी गुटके बसवावेत आणि ते फक्त टॉपला स्क्रूने धरावेत, म्हणजे टॉप खाली दाबलेला राहतो पण आडवा सरकू शकतो. गुटके करायचे नसतील, तर आडव्या पट्टीतील स्क्रूची भोके गोल न ठेवता लांबट करावीत आणि केवळ मधला स्क्रू पक्का ठेवावा. दुसरी गोष्ट, टॉपला वरून जेवढे पॉलिशचे हात दिले तेवढेच खालूनही द्यावेत. खालची बाजू कोणाला दिसत नाही म्हणून कोरी सोडली, तर ओलावा एकाच बाजूने आत-बाहेर होतो आणि टॉप परातीसारखा वाकतो. तिसरी गोष्ट, ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र विकत घ्या. भट्टीत सुकवलेले लाकूड ८ ते १२ टक्क्यांत आले आहे, याची खात्री झाल्याशिवाय फळ्या जोडू नका, आणि चंद्रपूर-बल्लारशाचे सागवान आहे असे वखारवाल्याने सांगितले तरी यंत्र लावूनच पाहा. ते सागवान उत्तमच असते. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ साली त्याच भागातून सागवान गेले. पण उत्तम लाकूडही ओले असू शकते.

चूक कोणाची, याचे उत्तर ग्राहकासमोर टाळू नका. वस्तू कोठे राहणार आहे हे विचारून तिची बांधणी ठरवणे, हे डिझायनरचेच काम आहे. फी आपण त्याचीच घेतो. टॉप सोडवून घ्या, तो नागपूरच्या हवेत काही आठवडे राहू द्या, मग चीर कापून सांधा नव्याने जोडा आणि गुटक्यांवर बसवा. टॉपची रुंदी दोन-तीन सुतांनी घटेल. ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

प्रश्न : ग्राहक मोबाइलवर एखाद्या परदेशी खुर्चीचा फोटो दाखवून ‘हुबेहूब अशीच करा’ म्हणतात. दुसरीकडे, माझी स्वतःची खुर्ची गावातल्या दुकानात नक्कल होऊन विकली जाते. कायदा काय म्हणतो?
(एक वाचक, सातारा)

दोन्ही बाजूंना लागू होणारा कायदा एकच, तो म्हणजे डिझाइन कायदा, २०००. वस्तूच्या दिसण्याची, म्हणजे आकार, घडण, नक्षी यांची नोंदणी त्याखाली करता येते. संरक्षण १० वर्षांचे असते आणि ते आणखी ५ वर्षांनी वाढवता येते. सांधा कसा काम करतो किंवा खुर्ची कशी घडी होते यासारखी यंत्रणा त्यात बसत नाही, ती पेटंटची बाब आहे. सर्वांत महत्त्वाची अट अशी की नोंदणीचा अर्ज करण्यापूर्वी ती रचना लोकांसमोर आलेली नसावी. आपले तरुण डिझायनर नमुना पॉलिश होताच त्याचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकतात आणि नक्कल झाल्यावर वकिलाकडे जातात. तोपर्यंत नावीन्याची अट त्यांनी स्वतःच मोडलेली असते. कॉपीराइट आपोआप मिळतो असा समजही फारसा उपयोगाचा नाही, कारण कॉपीराइट कायद्यानुसार, नोंदणीस पात्र असूनही नोंदवलेली नसलेली रचना औद्योगिक पद्धतीने ५०हून अधिक वेळा उत्पादित झाली, की तिच्यावरील कॉपीराइट संपतो.

प्रत्येक तिवईची नोंदणी करत बसू नये. जी रचना तुम्ही वर्षानुवर्षे विकणार आहात तिचीच करावी. मला एका उपाहारगृहाच्या मालकाने ‘नमुना पाहू, मग तीस खुर्च्यांची ऑर्डर देऊ’ असे सांगून एक खुर्ची करून घेतली आणि तीस खुर्च्या परस्पर दुसरीकडून करवल्या. तेव्हापासून नमुन्याची पूर्ण किंमत आणि रचनेची फी आधी घेतल्याशिवाय नमुना कारखान्याबाहेर जात नाही. न्यायालयापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो.

फोटोतल्या खुर्चीविषयी म्हणाल, तर ती कोणाची आणि किती जुनी आहे, हे आधी पाहावे. चंदीगडची सागवान आणि वेताची, व्ही आकाराच्या पायांची खुर्ची सध्या सर्वत्र दिसते. चंदीगड शहराचे नियोजन करणारे वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे १९५१पासून चंदीगडच्या उभारणीत होते आणि तेथील सरकारी कचेऱ्यांसाठी असे फर्निचर तेव्हा मोठ्या संख्येने स्थानिक सुतारांकडून करवून घेतले गेले. पुढे ते मोडीत निघाले, भंगाराच्या भावाने विकले गेले आणि परदेशातील लिलावांत प्रचंड किमतीला जाऊ लागले, तेव्हा २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयाला त्याच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंधने आणावी लागली. इतक्या जुन्या रचनेला आपल्या डिझाइन कायद्याचे संरक्षण उरलेले असू शकत नाही, त्यामुळे तशी खुर्ची करणे बेकायदा ठरत नाही. ‘मूळची’ म्हणून ती विकणे ही मात्र सरळ फसवणूक आहे. मी ग्राहकाला विचारतो की त्या खुर्चीतले तुम्हाला नेमके काय आवडले. उत्तर बहुधा ‘वेताची पाठ’ एवढेच असते, आणि वेताच्या पाठीची खुर्ची आपल्याकडे आजोबांच्या ओसरीवरही होती.

प्रश्न : नवख्या डिझायनरने सुरुवातीला कोणती कामे धरावीत?
(एक वाचक, नाशिक)

घरांची कामे मिळतात लवकर, पण त्यांत एकेक नग वेगळा असतो आणि शिकलेले पुढच्या कामात कमी लागू पडते. त्यापेक्षा तालुक्याच्या गावातील वाचनालय, अभ्यासिका किंवा शाळा यांसारखे एखादे काम कमी फीत का होईना, जरूर घ्यावे. चाळीस खुर्च्या सारख्या करायच्या म्हटल्यावर एका खुर्चीतील एक अनावश्यक स्क्रूसुद्धा हिशेबात दिसतो, आणि रोज आठ-आठ तास बसणारी स्पर्धा परीक्षांची मुले तुमच्या पाठीच्या कोनाचे परीक्षण कोणतीही भीड न ठेवता करतात. अशा ठिकाणी बाजारातील ४५० मिलीमीटर उंचीची बैठक जशीच्या तशी घेऊ नका. आपल्याकडच्या बऱ्याच मुलींचे पाय तीवर बसल्यावर अधांतरी राहतात आणि मांडीखाली कड रुतते. भारतीय शरीरमापांचा संग्रह नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने १९९७ साली प्रसिद्ध केला आहे, तो जवळ असावा. मी अभ्यासिकेत बैठक ४२० आणि टेबल ७२० मिलीमीटरचे ठेवतो. उंच मुलांना पाय पुढे पसरता यावेत म्हणून टेबलाखालची आडवी पट्टी मध्यभागी घेतो.

प्रश्न : वडिलांची लांब हातांची शिसवी आरामखुर्ची आहे. वेत फाटला आहे, एक सांधा हलतो. जुन्या फर्निचरचा व्यापारी घ्यायला तयार आहे. द्यावी का?
(एक वाचक, मडगाव)

देऊ नका. अशा रुंदीची शिसवी फळी आज नव्याने मिळवायची म्हटली, तर व्यापारी देऊ करतो त्या रकमेत ती येणार नाही. हलणारा सांधा वरून खिळा ठोकून पक्का करू देऊ नका. तो सोडवून, जुना सरस खरवडून, कुसू सैल झाले असेल तर त्यावर पातळ पापुद्रा चिकटवून पुन्हा बसवायचा असतो. खुर्ची जुनी असल्यास तिला लाखेचे पॉलिश असण्याची शक्यता मोठी आहे. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवून पाहा, रंग बोळ्याला लागला तर लाखच. मग ती पूर्ण खरवडण्याची गरज नाही, आहे त्यावरच नवे हात देता येतात. वेत विणणारे कारागीर कमी झाले आहेत, पण गोव्यात अजून मिळतात. विणण्यापूर्वी वेत पाण्यात भिजवून घेतो का आणि चौकटीच्या भोकांतून हाताने विणतो की तयार जाळी खाचेत ठोकून बसवतो, एवढे दोन प्रश्न विचारून माणूस ठरवा. तुमच्या खुर्चीच्या चौकटीला भोके असतील, तर हाताने विणणाराच हवा.